माझ्या पाठीवरची खूण

मी एक जुना परीक्षेचा पॅड आहे. होय मित्रांनो, पेपर लिहिताना कागदाखाली धरतात ना, तोच मी. माझा एक कोपरा फुगलाय, चिमटा गंजलाय, आणि पाठीवर डिंकाचे चिकट डाग आहेत. कोपरा पाण्यानं फुगला आणि चिमटा वयानं गंजला, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या डागांची मला लाज वाटते. ते कसे पडले, तेच आज सांगायला बसलोय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लाकडाचा भुसा दाबून तक्ते करतात, ते कापून आमच्यासारखे शेकडो पॅड एका सकाळी जन्माला येतात. आमच्यात थोरला-धाकटा असा भेद नसतो. तिथून मी एका वह्या-पेनांच्या दुकानात आलो आणि वर्षभर धूळ खात पडलो. मग एके दिवशी एक इस्त्रीवाला आला. त्याचे हात स्वच्छ होते, पण बोटांवर चटक्यांचे जुने डाग होते. त्यानं मला उलटंपालटं केलं, चिमटा दोनदा उघडून पाहिला आणि म्हणाला, "हा द्या. पोरीची परीक्षा आहे."

त्या पोरीला घरात बारकी म्हणत. आई ती तीन वर्षांची असतानाच गेली होती. घर म्हणजे पुढं लॉन्ड्री आणि मागं एक खोली. बापाला ती आणि सगळी गल्ली अण्णा म्हणायची.

अण्णांनी मला घरी नेलं आणि पहिलं काम काय केलं असेल? कपड्यांवर खुणा करायची काळी शाई काढली आणि माझ्या कोऱ्या पाठीवर एक खूण काढली. एक गोल आणि त्याखाली दोन छोट्या रेघा. ही त्यांच्या घरची खूण. त्यांच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण ठरलेली होती. डॉक्टरीणबाईंची फुली, बँडमास्तरांची तीन टिंबं, शाळेच्या शिपायाची चंद्रकोर. कॉलरच्या आत ती बारीक खूण घातली की कपडा कुठं हरवत नसे. चार वर्षांची असल्यापासून बारकी ढिगातून कपडे निवडून द्यायची. "ही फुली, डॉक्टरीणबाई! ही टिंबं, बँडवाले काका!" तिचा हात कधी चुकत नसे.

"ही शाई काही केल्या जात नाही," अण्णा मला तिच्या हातात देत म्हणाले. "आता हा कुठंही गेला तरी आपल्याच घरी येणार."

खरं सांगतो, मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं. दुकानातल्या माझ्या भावंडांवर कार्टून होती, पाढे होते. माझ्या पाठीवर मात्र ही वेडीवाकडी आकृती. पण माझं कोण ऐकतंय!

बारकी चौथीत होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी दुपारी अण्णा कपडे पोचवायला गेले होते. दुकानात कागदात गुंडाळलेले गठ्ठे मांडलेले, प्रत्येकावर खुणेची एक चिठ्ठी. बारकीला वाटलं, आपण आता चांगलं लिहितो, मग या रेघोट्या कशाला? तिनं मला मांडीवर घेतलं आणि ठळक अक्षरांत नवीन चिठ्ठ्या लिहिल्या. डॉक्टरीणबाई. बँडमास्तर. शिपाईकाका. जुन्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, नव्या लावल्या आणि अण्णा खूश होतील म्हणून वाट बघत बसली.

संध्याकाळी सगळी गिऱ्हाइकं एकदमच आली. अण्णांनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा हात हवेतच थांबला. सगळ्यांसमोर गठ्ठे सोडून कॉलरच्या खुणा कशा बघणार? मग त्यांनी आकारावरून अंदाज बांधत गठ्ठे दिले. थोड्या वेळानं बँडमास्तर डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट घेऊन परत आले. "अहो अण्णा, उद्या लग्नात मी वाजवायचं की नाडी तपासायची?" सगळे हसले. मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या गठ्ठ्यातून सोनेरी झालरीची विजार निघाली होती.

"अण्णा, एवढं मोठं लिहिलंय की वर! वाचलं नाही का?"

"चष्मा आत राहिला बाई," अण्णा म्हणाले.

आत चष्मा नव्हताच. त्या घरात कधीच चष्मा नव्हता. बारकीनं बोलायला तोंड उघडलं, अण्णांकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. तिला कळायचं ते कळलं. सगळे गेल्यावर अण्णा रागावतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "अक्षर छान काढलंस हं."

त्या दिवसापासून बारकी दुकानात बसेनाशी झाली. मागच्या खोलीत माझ्यावर वाकून अभ्यास करू लागली. अभ्यास म्हणजे काय, मित्रांनो, गाइड समोर ठेवायचं आणि उत्तरं घोकायची. सातवीत 'माझे वडील' हा निबंध आला. गाइडमधलं पहिलं वाक्य होतं, 'माझे वडील बँकेत अधिकारी आहेत.' बारकीनं तेच लिहिलं. वर्गातल्या सगळ्यांनीच तेच लिहिलं. चाळीस पोरं आणि चाळीसच्या चाळीस बाप बँकेत अधिकारी! एवढ्या साहेबांना बसायला खुर्च्या कुठून आणल्या असत्या त्या बँकेनं, देव जाणे. सरांनी न हसता तपासलं. बारकीला दहापैकी नऊ मिळाले, शेजारी 'सुंदर अक्षर' असा शेरा. तो पेपर तिनं अण्णांना दाखवला. अण्णांनी नऊचा आकडा ओळखला आणि पेपर कपाळाला लावला. मी खाली होतो. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला.

बारावीला ती शाळेत तिसरी आली. कॉलेज सुरू व्हायच्या आधी तिनं मला समोर घेतलं आणि माझ्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं. बारावीच्या परीक्षेला शेजारच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं, "हे काय गं, लॉन्ड्रीची खूण?" बारकीनं चकचकीत निळा कागद आणला, डिंक लावला आणि माझी पाठ अशी झाकली की खूण पार दिसेनाशी झाली. वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

आणि मी? मला आनंद झाला. एकदाचा मी चारचौघांसारखा दिसू लागलो. हेच मला आज सगळ्यांत जास्त टोचतं.

कॉलेजात लेखन शिकवायला एक मॅडम होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मी लिहायला-वाचायला कसा शिकलो, यावर दोन पानं लिहून आणा. तुमचं स्वतःचं हवं."

याला काही गाइड नव्हतं. बारकी दोन दिवस माझ्यावर कोरा कागद लावून बसली. शेवटी एक वाक्य लिहिलं, 'आमच्या घरी एकही पुस्तक नव्हतं.' ते वाचलं आणि इतकं खोडलं, इतकं खोडलं की पेनाचं टोक माझ्या अंगाला लागलं. नवा कागद घेतला. मग मात्र पेन भराभरा चाललं. 'माझे वडील मला रोज संध्याकाळी मांडीवर बसवून पुस्तक वाचून दाखवत. त्यांच्या चष्म्याच्या काचेत मला अक्षरं दिसत.' शाळेनं तिला हेच तर शिकवलं होतं. निबंधात आपला बाप लिहायचा नसतो, छापण्याजोगा बाप लिहायचा असतो.

मॅडमना तो निबंध फारच आवडला. त्यांनी तो सूचनाफलकावर लावला आणि पालकांच्या सभेत वाचायचा ठरवला. घरी बारकी म्हणाली, "अण्णा, सभा आहे, पण तसं काही महत्त्वाचं नाही. तुमचं दुकान बुडेल."

पण कॉलेजच्या कारकुनानं दुकानात फोन केला होता. सभेच्या दिवशी अण्णा दारात उभे! स्वतःचा शर्ट त्यांनी कधी नव्हे तो कडक इस्त्री करून घातला होता. बारकी मला छातीशी धरून बसली होती. तिचं काळीज कसं धडधडत होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

मॅडमनी निबंध वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनीही वाजवल्या, जरा उशिरा. मग मॅडम कौतुकानं त्यांच्याकडे आल्या. निबंध माझ्या चिमट्यात लावून मला त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "असे वडील सगळ्यांना मिळोत. तुम्ही रोज वाचून दाखवायचात ना? मग शेवटच्या दोन ओळी तुमच्याच आवाजात होऊन जाऊ देत."

सगळी सभा वळून बघायला लागली. अण्णांची नजर कागदावरून फिरली, मग बारकीकडे गेली. बारकीनं मान खाली घातली. एका शब्दानं ती त्यांना सोडवू शकली असती. तो शब्द तिच्या तोंडून निघाला नाही.

"वाचायचो की, रोज वाचायचो," अण्णा हसून म्हणाले. "पण आज नेमका चष्मा घरी राहिला बाई."

मला बारकीकडे परत देताना अण्णांनी सवयीनं उलटं केलं. अंगठा माझ्या पाठीवर फिरला, खुणेच्या जागी थांबला. तिथं निळा कागद होता. ते बारकीला म्हणाले, "कव्हर छान बसवलंस हं. कुठं सुरकुती नाही."

मित्रांनो, मला निखाऱ्यात टाकलं असतं तरी चाललं असतं.

घरी जाताना अण्णाच बोलले. "बारके, तो वाचून दाखवणारा माणूस तू फार चांगला लिहिलास. मला आवडला तो."

घरी आल्यावर ती मागच्या खोलीत गेली आणि नखांनी माझ्या पाठीवरचा निळा कागद सोलायला लागली. तो नीट निघेना. फाटला, चिकटला, तुकडे उडाले. ओल्या फडक्यानं घासला, तेव्हाच माझा कोपरा फुगला. शेवटी खाली तो गोल दिसला आणि त्याच्या दोन रेघा. शाई तसूभरही फिकी झाली नव्हती. बारकी ते बघून ओक्साबोक्शी रडली.

मग तिनं लिहायला घेतलं. बँडमास्तर, सोनेरी विजार, फुली, टिंबं, चाळीस अधिकारी, सगळं लिहिलं. 'मला वाचायला अण्णांनी शिकवलं. मी पहिल्यांदा वाचली ती अक्षरं त्यांनी स्वतः तयार केली होती,' असं लिहिलं. खोडलेलं ते पहिलं वाक्य पुन्हा लिहिलं. दुकानात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा, ऐका. वाचून दाखवते."

अण्णा इस्त्री फिरवत ऐकत राहिले. चष्म्याचं आलं तेव्हा इस्त्री थांबली.

"ते चष्म्याचं नको गं लिहूस. लोक हसतील."

"माझ्यावर हसतील अण्णा. सभेत मी गप्प बसले, तेही लिहिलंय."

"मग असू दे," ते म्हणाले आणि डोळे पुसायला नेमकी इस्त्रीखालच्या बँडमास्तरांच्या शर्टाची बाही घेतली.

दुसऱ्या दिवशी बारकीनं निबंध मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. "मी त्यांना वाचायला सांगायला नको होतं," त्या हळूच म्हणाल्या. मग लाल पेन काढलं. अकरा चुका निघाल्या, वीसपैकी बारा मार्क मिळाले. घोकलेल्या निबंधात तिची एकही चूक नसायची. बारकीनंच विनंती केली, तेव्हा सूचनाफलकावरचा जुना निबंध निघाला आणि लाल रेघांसकट हा लागला. नावाखाली तिनं गोल आणि दोन रेघा काढल्या होत्या.

"हे काय गं?" बारावीला शेजारच्या बाकावर बसलेली तीच मुलगी विचारत होती, तीही आता याच कॉलेजात होती.

"आमच्या घरची खूण. माझे अण्णा असं लिहितात."

आता मी दुकानात असतो. बारकी संध्याकाळी अण्णांना अक्षरं शिकवते आणि अण्णा माझ्यावर गिरवतात. 'ब' अजून त्यांना दाद देत नाही. पाठीवरचा डिंक काही जात नाही. त्याला धूळ चिकटते, कापसाचे तंतू चिकटतात, आणि मला ते दिवस आठवत राहतात.

मित्रांनो, पुस्तकांना, वह्यांना कव्हर जरूर घाला. आमचे कोपरे जपा, आम्हाला पावसात ठेवू नका. पण कव्हर घालण्याआधी एकदा आम्हाला उलटं करून बघा. तिथं कुणी काही लिहून ठेवलं असेल, तर ते झाकू नका. आणि लिहिणारा घरात असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि त्याला काहीतरी वाचून दाखवा.