ओंडक्याचा वाटा

मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे आणि फार थकलोय. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मध्येच माझा सूर उतरला तर तुम्ही मनावर घेणार नाही. चाळीस वर्षं माझ्यावर मटण तोडलं गेलं. माझा माथा खोलगट झालाय, एका अंगाला भेग पडलीय आणि भेगेवर लोखंडी पट्टा ठोकलाय. अशा अंगाने हसतखेळत गोष्ट सांगणं जमत नाही.

नारिन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावात, शाळेमागच्या पाटाच्या कडेला मी उभा होतो. आमच्या जातीच्या झाडाला तिकडे करागाच म्हणतात. लाकडाचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की घाव घातला तर कुऱ्हाडच अडकून बसते. पाट रुंद करायला मला पाडलं, तेव्हा जळणासाठीही कोणी नेईना. फोडणार कोण? आठवडाभर चिखलात पडून होतो. मग सरकारी मटणबाजारातला खाटीक ओमुरझाक आला. त्याने बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केलं आणि म्हणाला, "ह्याला जाळायला निघाले होते? अक्कल गहाण टाकलीय सगळ्यांनी. हा मला द्या." एवढं कौतुक मला पुन्हा फारसं मिळालं नाही, म्हणून ते शब्द मी जपून ठेवलेत.

दोन हिवाळे त्याने मला वाळवलं, मीठ चोळलं, तासलं आणि बाजारात खिडकीजवळ उभं केलं.

रोजच्या रश्श्याचं मटण तो सत्तुराने तोडायचा. पण पाहुणचाराची मेंढी आमच्याकडे अशी तोडत नाहीत. ती सुरीने सांध्यासांध्यावर सोडवायची असते. हाड अख्खं राहिलं पाहिजे, कारण प्रत्येक हाडाचा धनी ठरलेला. कमरेचं हाड घरातल्या वडीलधाऱ्याचं, मांडीचं त्याच्याखालच्याचं, जावयाचं वेगळं, लेकीचं वेगळं. भलतं हाड भलत्याच्या पुढ्यात गेलं तर माणसं वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. ओमुरझाकची सुरी चालायला लागली की मला नुसती गुदगुली व्हायची. ते माझे सुखाचे दिवस.

आणि बाजार उठला की तो एक गोष्ट हमखास करायचा. मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा एक बोटभर गोळा घ्यायचा आणि माझ्या भेगेत दाबून भरायचा. "सगळ्यांना वाटा मिळतो," म्हणायचा, "मग दिवसभर मार खाणाऱ्यानेच काय घोडं मारलंय?" रांगेतली माणसं हसायची. मला मात्र भरून यायचं. ओंडक्याला कोण वाटा देतं, सांगा बरं?

मग आमचं गाव ज्यात होतं तो मोठा देश मोडला. सामुदायिक शेतीच्या मेंढ्या घराघरांत वाटल्या गेल्या. सरकारी बाजाराला कुलूप लागलं. ज्याच्याकडे चार मेंढ्या आणि एक मोडकी गाडी, तो खाटीक झाला. परसात कापायचं, डिकीत चादर अंथरून मटण घालायचं आणि रस्त्याच्या कडेला विकायचं. ओमुरझाकने मला कुलपाआधीच उचलून आणलं होतं. आम्हीही रस्त्यावर बसलो. वर ऊन, खाली धूळ, आणि माश्यांना तर आमच्यासारखा यजमान मिळाला नसता. थंड जागा कुठेच नाही. दुपारपर्यंत खपलं नाही की पडेल त्या भावाने द्यायचं. धनगराला कमी, खाटकाला कमी आणि गिऱ्हाईकाला शिळं, असं बरीच वर्षं चाललं.

ओमुरझाकचे हात थरथरायला लागले. मुलगा रशियात कामाला गेला, आणि पुढे त्याचे फोनही बंद झाले. तेव्हा सून बुरुल हिने सुरी हातात घेतली. लोकांनी तोंडसुख घेतलं. बाजूचा एक खाटीक मोठ्याने म्हणाला, "आता बायका सांधे सोडवणार. उद्या आम्ही भाकऱ्या भाजू."

"भाजा की," बुरुल मान वर न करता म्हणाली. "तुमचं मटण बघता, भाकऱ्या तरी बऱ्या होतील."

हात तिचा सासऱ्याच्याच वळणाचा होता. दोन मुलं, एक म्हातारा आणि ती, चार तोंडं त्या सुरीवर जगत होती. बाजार उठला की तीही न चुकता माझ्या भेगेत चरबी भरायची. घरची रीतच होती ती.

पुढे परदेशी मदतीतून गावात नवी मटणमंडई उभी राहिली. पांढऱ्या फरश्या, स्टीलची टेबलं, काचेची थंड कपाटं, सतत पाणी. धनगराचा माल दोन दिवस टिकला तर त्याला अडवून भाव पाडता येणार नाही, असा त्यामागचा विचार. विचार चांगला होता, मी नाही म्हणत नाही. हाडं कापायची एक विजेची करवतही आली होती. राजधानीतून शिकवायला आलेल्या गुरुजींनी तिच्यावर सारख्या मापाचे तुकडे करून दाखवले. मुलीचं लग्न तोंडावर आलेली एक बाई ते बघून म्हणाली, "व्याह्याच्या पुढ्यात अर्धं हाड ठेवू? माझी पोरगी दारातूनच परत येईल." मग बुरुलने सुरी काढली आणि अख्खी मेंढी सांध्यावर सोडवून दाखवली. गुरुजी करवत बंद करून बघत राहिले.

पण टेबलं होती आठच, आणि नियम कडक. उन्हाळ्यात तीन वेळा मटणाचा नमुना तपासणार. तिन्हींत एकदा तरी स्वच्छ निघाला तर टेबल मिळणार, नाहीतर नाही. आणि शरद लागला की रस्त्यावर विकायला बंदी. म्हणजे टेबल गेलं की बुरुलच्या घरची चूलच गेली.

पहिला नमुना खराब निघाला. बुरुलने सुऱ्या उकळल्या, ॲप्रन उकळला, हात लाल होईपर्यंत धुतले. दुसराही खराब निघाला.

मित्रांनो, मला ठाऊक होतं. माझ्या भेगेत इतक्या वर्षांची चरबी साचून कुजली होती. वरून मीठ लावलं की मी गोरागोमटा दिसायचो, आत मात्र सडत होतो. मटण घरून स्वच्छ यायचं आणि माझ्या अंगाला लागून खराब व्हायचं. पण ओंडक्याला तोंड कुठे असतं? आणि बुरुल घाबरली होती ना, म्हणून तिने माझा वाटा दुप्पट केला. रोज दोन गोळे. इतकं जड खाणं मी जन्मात खाल्लं नव्हतं.

दोष जाऊन बसला जुमाश धनगराच्या माथी. तो ओमुरझाकच्या काळापासून आम्हाला मेंढ्या द्यायचा. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण घोड्यावर बसला की ताठ. त्या दिवशी तो दोन मेंढ्या घेऊन आला, तेव्हा बुरुल माझ्याशेजारी हात बांधून उभी होती.

"परत न्या, जुमाश-अके," ती म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे अके म्हणतात, आणि रागातही ते सुटत नाही.

"का गं? काय झालं?"

"दोनदा नापास झाले. सुरी माझी स्वच्छ, हात स्वच्छ. मग राहिलं काय?"

आजूबाजूचे खाटीक कान टवकारून होते. "माझ्या मेंढ्या आजारी असत्या तर आधी मी मेलो असतो, पोरी," जुमाश म्हणाला. "मी त्यांचंच खातो."

"मला चार तोंडं भरायचीत, अके. माणुसकीवर टेबल मिळत नाही."

"बरं," जुमाश म्हणाला. त्याला घोड्यावर चढायला तीनदा उडी घ्यावी लागली. कोणी हात दिला नाही. त्यानंतर त्याची मेंढी गावात कोणी घेईना. रस्त्यावरचे दलाल देतील ते घेऊन तो गप्प बसायचा, असं कानावर यायचं. मी ते ऐकायचो आणि वरून चरबी यायची. आयुष्यात पहिल्यांदा मला तो वाटा नकोसा झाला.

तिसऱ्या नमुन्याला आठ दिवस होते, तेव्हा मंडईची जनावरांची डॉक्टर झायनाप स्वतः आली. तरुण पोरगी, बोलायला फटकळ. तिने सुऱ्या बघितल्या, चादर बघितली, आणि मग वाकून माझा वास घेतला.

"बुरुल एजे, एक तार द्या."

मोठ्या बहिणीसारख्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात. बुरुलने तार दिली. झायनापने ती माझ्या भेगेत घातली आणि फिरवून बाहेर काढली. तारेला काळा, चिकट गोळा आला होता. शेजारचा खाटीक दोन पावलं मागे सरकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे काय आहे, एजे?"

"त्याचा वाटा," बुरुल म्हणाली. बोलता बोलताच तिला सगळं कळलं असावं, कारण ती माझ्याच काठावर बसली. "रोज देतो आम्ही. सासऱ्यांची रीत आहे."

झायनाप हसली नाही, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. "मंडईत लाकूड चालणारच नाही, हे तर तुम्हाला सांगितलंच होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "आता इथेही ह्याच्यावर कापू नका. पत्र्याचं टेबल मी मिळवून देते."

दुसऱ्या दिवशी ओमुरझाक काठी टेकत आला. बुरुल त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. सासऱ्यांना ती अता, म्हणजे बाबा, म्हणते. "अता, तुमचा ओंडका काढावा लागतोय."

म्हाताऱ्याने माझ्या भेगेवरून हात फिरवला, बोट नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "माझे हात थरथरायला लागले तेव्हा तू मला सांगितलंस, अता, आता बसा. राग आला होता मला. चार दिवस जेवलो नाही." त्याने बोट काठीला पुसलं. "ह्यालाही तेव्हाच, आता बस, असं सांगायला हवं होतं. मी खायला घालत राहिलो. प्रेमाने घातलं गं, पण घाणच केली."

"जुमाश-अकेंना मी चारचौघांत बोलले, अता."

"मग चारचौघांतच जा," ओमुरझाक म्हणाला. "आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

त्यांनी मला तारेने, सुरीच्या टोकाने कोरून काढलं. उकळतं पाणी ओतलं, राखेने घासलं, दिवसभर उन्हात ठेवलं. दुखलं, पण इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग चौघांनी मला ट्रकमध्ये चढवलं. बुरुल माझ्याजवळ बसली, आणि आम्ही जुमाशच्या घराकडे निघालो.

जुमाशच्या दाराशी त्याचे भाऊबंद जमले होते. बुरुल सगळ्यांसमोर खाली उतरली.

"जुमाश-अके, तुमच्या मेंढीत खोट नव्हती. खोट आमच्या ओंडक्यात होती. मी सगळ्यांसमोर तुम्हाला नाव ठेवलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगायला आले."

जुमाशने माझ्याकडे बघितलं. "आणि ह्याला कशाला आणलंस? मला दाखवायला?"

"घोड्यावर चढायला. तुमचे गुडघे मी त्या दिवशी बघितले, आणि हात दिला नाही." ती एक पाऊल पुढे आली. "अजून एक मागायचंय. तिसरा नमुना मला तुमच्याच मेंढीचा द्यायचाय."

एक भाऊ पुढे झाला. "वेडी आहेस का? हा नमुना नापास झाला तर तुझं टेबल गेलं. दुसऱ्या कुणाची घे."

"दुसऱ्या कुणाची घेतली तर ह्यांच्या मेंढीचं नाव कसं धुऊन निघेल?" बुरुल म्हणाली.

जुमाश उठला, कळपात गेला आणि लंगडत लंगडत एक मेंढी निवडून घेऊन आला. निवडताना त्याने इतका वेळ लावला की चहा गार झाला.

त्यानंतरचे दिवस मी अंगणात, घोड्याच्या खुंट्याजवळ घालवले. माझ्याभोवती कोणी फिरकलं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. काळजी होती ती एवढीच, की मी गेल्यावर तरी नमुना स्वच्छ निघावा.

आठव्या दिवशी बुरुल आली. तिच्या हातात कापडात गुंडाळलेलं कमरेचं हाड होतं, अख्खं, सांध्यावर सोडवलेलं. ते तिने जुमाशच्या पुढ्यात ठेवलं. वडीलधाऱ्याचं हाड. "झायनाप म्हणाली, असं स्वच्छ मटण तिने उन्हाळाभर बघितलं नाही," ती म्हणाली. "चौथं टेबल मिळालं. तुमच्या सगळ्या मेंढ्या माझ्याकडेच आणायच्या, अके. आता थंड कपाट आहे. भावासाठी कुणापुढे वाकायचं नाही."

जुमाशने हाडावरचं मटण सुरीने काढलं, पहिला घास तिला दिला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने चरबीचा एक तुकडा कापला आणि माझ्याकडे वळला. "ह्याचाही वाटा," म्हणाला.

बुरुलने त्याचा हात धरला. "नको, अके. त्याचं झालंय. आता त्याला काही देऊ नका."

मित्रांनो, मला माणसांनी पुष्कळ दिलं, पण इतकं जिवाभावाचं दुसरं कोणी काही दिलं नाही. म्हणून थकल्या आवाजात एक विनंती करतो. जुन्या वस्तूवर तुमची माया असेल तर तिला वरून गोंजारू नका, तिच्या भेगेत एकदा तार घालून बघा. आणि तिचं काम संपलं असेल तर तिला तसं सांगा. तिला राग येणार नाही.

आता रोज सकाळी जुमाश माझ्यावर एक पाय ठेवतो, दुसरा रिकिबीत घालतो आणि एका दमात घोड्यावर बसतो.