निळ्या गुलालाची वाट

रंभाजी साळव्यांचा उभा जन्म वाफेत गेला. कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात बॉयलरचे पाइप जोडायचं काम. वाफ कुठं फुसकन निघाली, तर या माणसाला लांबून नुसत्या आवाजावर जागा कळायची, आणि ही गोष्ट तो स्वतःच एवढ्या वेळा सांगायचा की दुसऱ्या कुणावर सांगायची पाळीच आली नाही. पण पाणी म्हटलं की गडी गार. नदीला गेला तरी घोट्याच्या वर पाणी चढू द्यायचा नाही. आणि बायको मिळाली कोण, तर पुणतांब्याची कलाबाई! पाठीला वाळका भोपळा बांधून गोदावरीत पोहायला शिकलेली, आणि पुढं भोपळा सोडून थेट पलीकडच्या काठाला लागणारी. "तुमाला बादलीतबी बुडायची भीती," असं ती त्याला चारचौघांत म्हणायची.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात थोडाफार परतला, पाय काही परतेना. शब्दसुद्धा एकेक करून यायचे. लेक अश्विनी फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले हातपाय चालते करणारी. पण घरात आईपुढं तिनं हात टेकले होते. कलाबाईला पडायची भीती बसली होती. व्यायामाचं नाव काढलं की ती भिंतीकडं तोंड करायची.

अश्विनीनं गावाबाहेर जुना बंगला घेतला होता. आधीच्या मालकाला कधीकाळी हौस आली असणार, म्हणून मागच्या अंगणात पोहायचा तलाव. कितीतरी वर्षं त्यात निंबाचा पाला आणि बेडकं यांचंच राज्य होतं.

"आण्णा, पाण्यात अंग हलकं होतं," अश्विनी म्हणाली. "छातीएवढ्या पाण्यात आई उभी राहील. पण लवकर व्हायला हवं, पाय आखडत चाललाय तिचा."

पाणी म्हटल्यावर भिंतीकडचं तोंड हळूच वळलं. रंभाजीनं ते बघितलं. झालं, गडी तिथंच बोलून बसला, "तलाव मी करतो नीट. बाहेरचा मानूस न्हाई लागायचा."

पाणी शेजारच्या मच्छिंद्रच्या विहिरीचं. त्यानं मन मोठं करून पाइप सोडला, तलाव भरला, आणि सकाळी बघतात तर गुडघ्याएवढं पाणी शिल्लक. तळाला भेग पडली असणार म्हणून रंभाजीनं उरलेलं पाणी उपसून कोपरा न् कोपरा पांढऱ्या सिमेंटनं भरून काढला. पुन्हा भरला. पुन्हा सकाळी गुडघ्याएवढंच.

मच्छिंद्र काठावर उभा राहून डोकं खाजवायला लागला. "रंभाजीभाऊ, तुमचा तलाव पानी पितो का काय? पाटाचं आवर्तन हाय तवर माझ्या हिरीला पाझर हाय. पाट बंद झाला की उसालाच पुरायचं न्हाई. आता गळती हुडकायला एकडाव भरून देतो, आन् सापडली तर आनखी एकडाव, मंग माझा इलाज न्हाई."

म्हणजे गळती हुडकायची आता शेवटचीच वेळ. पाटाला पुन्हा पाणी सुटेपर्यंत कलाबाईच्या पायाचं काय व्हायचं, हे बोलून दाखवायची कुणालाच गरज नव्हती.

तलाव भरला आणि रंभाजीनं मोटर चालू केली. तलावाच्या तळाला जाळी, जाळीतून पाइप मातीखालून मोटरपर्यंत, आणि मोटरीतून गाळलेलं पाणी परत तलावात, अशी ती रचना. मोटरीजवळचा एकेक सांधा त्यानं हातानं चाचपला, कान लावला, मातीवर तळवे टेकवले. सगळं ठणठणीत कोरडं. दिवसभर पाणी जागचं हललंसुद्धा नाही. त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्यानं ऐटीत चहा मागवला. सकाळी उठून बघतो तर पाणी कमरेवर आलेलं.

त्यानं पाना फेकून दिला आणि काठावर फतकल मारली. त्या दिवशी त्याला खरंच रडू यायचं बाकी होतं.

कलाबाई निंबाखाली खुर्चीत होती. तिला रोज तिथंच बसवायचे. हलता येत नाही, तर दिवसभर पाण्याकडं बघत बसायची.

"लाईट," ती म्हणाली.

"काय लाईट?"

"लाईट गेली..." ती थांबली, शब्द गोळा केला. "की पानी जातं."

रंभाजीनं मोटरीकडं बघितलं. वाफेचा माणूस तो. दाब असला की गळती, दाब गेला की गळती बंद, हे त्याच्या हाडात मुरलेलं. म्हणून सगळी तपासणी त्यानं मोटर चालू ठेवूनच केली होती. पण जाळीपासून मोटरीपर्यंतचा पाइप पाणी ढकलत नव्हता, ओढत होता! मोटर चालू असली की फुटक्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरायची, आणि लाईट जाऊन ती बंद झाली की तिथूनच पाणी मातीत निघून जायचं. परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसत होते की. त्याला ते मोटर जोरात चालल्याची खूण वाटले होते.

"अगं, मग आधी का न्हाई बोललीस?"

"तुमी इचारलंत का?" कलाबाई म्हणाली. आजारपणानंतर पहिल्यांदाच ती त्याला टोचून बोलली आणि रंभाजीला इतकं बरं वाटलं की तो हसतच मोटरीकडं निघाला.

त्यानं मोटर बंद केली. जयंतीच्या मिरवणुकीतला निळा गुलाल पिशवीत उरला होता, तो बादलीत कालवला. पाण्यात उतरायची तर छाती नव्हती; म्हणून काठावर पालथं पडून त्यानं बागेची लांब नळी तळापर्यंत सोडली आणि वरून निळं पाणी ओतलं. पाणी निवांत होतं. तळाशी निळा ढग जमला आणि तसाच थांबून राहिला. मग त्या ढगातून एक बारीक धागा निघाला. कुणी ओढल्यासारखा तो सरळ जाळीकडं गेला, वाकला आणि आत शिरला. त्याच्यामागं सगळा ढग हळूहळू कातला जाऊन त्याच वाटेनं निघाला.

रंभाजी काठावरून उठलाच नाही. एवढं पाणी रोज आपल्या डोळ्यांदेखत चालत गेलं आणि आपल्याला पत्ता नाही. अश्विनीनं आईची खुर्ची काठाशी आणली होती. तिघंही तो धागा बघत राहिले.

मग त्यानं पाइपाच्या रेषेनं खणायला घेतलं. माती काळी, काळीच. मोटरीच्या अलीकडं कुदळ बसली आणि चिखल निळा निघाला. तिथं पाइपाच्या वळणावरचा लोखंडी सांधा गंजून तडकला होता. संध्याकाळपर्यंत पाणी सांध्याच्या खाली, गुडघ्यावर आलं, तेव्हा रंभाजीनं लोखंड कापून काढलं, नवा प्लास्टिकचा तुकडा चिकटवला आणि तो पक्का वाळेपर्यंत कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मच्छिंद्रनं शब्द पाळला. पाट चालू होता तेवढ्यात तलाव शेवटचा भरला.

मोटर बंद ठेवून सगळे झोपले. रंभाजी कुठला झोपतोय!

सकाळी त्यानं काठावर खडूनं मारलेली रेघ बघितली. पाणी रेघेला टेकून होतं. त्याची आजी विहिरीच्या कडेला घागर घेऊन, कुणी वरून पाणी ओतील म्हणून बसून राहायची, हे त्यानं बापाकडून ऐकलं होतं. आणि इथं आपल्या दारात एवढं पाणी, आणि ते राहिलेलं. त्यानं वाकून पाण्याला नुसता हात लावला.

अश्विनी आधी उतरली. कलाबाईला लुगड्यासकट पायरीवर बसवलं. एका बाजूला लेक झाली, दुसऱ्या बाजूला कोण? मच्छिंद्रला हाक मारायला अश्विनीनं तोंड उघडलं, तेवढ्यात रंभाजी पायरी उतरला. घोटा गेला, गुडघा गेला. कमरेला पाणी लागलं तसा त्याचा श्वास अडकला, पण कलाबाईचा हात त्यानं सोडला नाही.

तिचं लुगडं पाण्यावर फुगलं. ती सरकली आणि उभी राहिली. अश्विनीनं आपले हात हळूच काढून घेतले, तरी ती उभीच. मग डावा पाय, इतके महिने लाकूड होऊन पडलेला तो पाय, पाण्याखाली उचलला गेला आणि पुढं टेकला. रंभाजीला ते सगळं स्वच्छ दिसत होतं. बॉयलर पेटताना त्यानं मोठमोठी चाकं फिरताना बघितली होती, पण असं काही बघितलं नव्हतं. तिच्याबरोबर त्यानंही एक पाऊल पुढं टाकलं, आणि दुसऱ्या हातानं काठ गच्च धरला.

कलाबाईनं वळून त्याच्याकडं बघितलं. त्याच्या हातावरची तिची पकड घट्ट झाली.

"भिऊ नका," ती म्हणाली. "पाय टेकत्यात."