पेंटरीणबाईचा नेम

रविवारी पेंटरच्या घरात चूल पेटत नसे. आठवडाभर तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्यांत एखादी खाण्याच्या दुकानाची निघाली की सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन तिथंच जायचा. "अक्षरं वाळली का ते बघून येऊ," म्हणायचा. प्रत्यक्षात पाटीकडे एक नजर टाकून जो आत शिरायचा तो बशी चाटूनपुसून साफ केल्यावरच मान वर करायचा. बायको लाँड्रीत इस्त्रीला होती. दिवसभर वाफेत उभं राहून पायांचे तुकडे पडत, पण रविवारी बसथांब्यापर्यंत ती त्याच्याही पुढं चाले.

मग पेंटरच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज वाचला, घोगरा का होईना. गिळणं मात्र गेलं. पोटाला नळी बसवली आणि पातळ अन्न तिच्यातून जाऊ लागलं. "पुन्हा जेवतील ना हो?" तिनं विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करत राहू. शब्द देता येत नाही."

त्याच संध्याकाळी तिनं देवापुढं हात जोडले आणि नेम धरला. ह्यांच्या घशाखाली पहिला घास उतरेपर्यंत आपणही चवीचं काही तोंडात घालायचं नाही. मीठ नाही, तिखट नाही, गोड नाही. नुसतं उकडलेलं खायचं. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. नेम बोलून दाखवला की त्याचं बळ जातं, असं तिला वाटे. आणि ह्यांच्यासाठी करण्यासारखं तिच्या हातात दुसरं होतं तरी काय?

महिने गेले. एका रविवारी पेंटर सकाळीच दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला.

"चल, पुलाजवळच्या पाववालीकडे जाऊ."

"अहो, तिथं जाऊन काय करायचं?"

"तू खायचंस, मी बघायचं. आजारी पडायच्या आधी शेवटची पाटी तिचीच रंगवली होती. खायचं राहूनच गेलं."

इतक्या दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर तजेला दिसत होता. तिच्याच्यानं नाही म्हणवेना.

पाववाली तव्यामागूनच ओरडली, "या, या! पाटी रंगवून गेलात ते गेलातच! पेंटरीणबाई, कोंडून ठेवलं होतंत की काय ह्यांना?"

"तसंच समजा," पेंटर हसला. "एक बशी द्या."

"एकच? भांडून आलात वाटतं!"

कांदा-बटाटा भरलेला, लोण्यात खरपूस भाजलेला पाव समोर आला. पेंटरनं बशी बायकोपुढं सरकवली आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकून तो पुढं वाकला.

"हं. घे."

ती पाणी प्यायली. पदर सारखा केला. "मला आज जरा पोटात बरं नाही."

"काल बरं होतं."

"घरी नेऊ या ना बांधून."

पेंटर तिच्याकडे बघत राहिला. "घरीसुद्धा तू पांढरं पांढरं काहीतरी गिळत असतेस. मला वाटलं, फोडणीच्या वासानं माझा जीव कासावीस होऊ नये म्हणून. तसं नाहीये. होय ना?"

तिला खोटं बोलता येत नव्हतं. खाली मान घालून तिनं नेम सांगून टाकला.

त्यानं टेबलावरची कोपरं काढून घेतली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "म्हणजे माझ्या घशात तुझीही भूक अडकवून ठेवलीस."

"असं काय बोलता! तुमच्यासाठीच केलं ना मी?"

"देवाला विचारलंस. मला विचारायचंस की एकदा." त्यानं बशीच्या कडेवरून बोट फिरवलं. "नुसता पडून असतो ना, तेव्हा मला पाट्या आठवत नाहीत. तू आठवतेस. पहिला घास घेताना डावा डोळा मिटतेस तू. नंतर बोटं चाटतेस आणि कुणी बघितलं का म्हणून इकडंतिकडं बघतेस. एवढंच मागतोय मी. गिळायला आलं तर आलं, नाही आलं तर नाही. पण हे तरी राहू दे की."

मोडला नेम आणि ह्यांचं गिळणं कायमचंच राहिलं तर? तो दोष जन्मभर कुठं ठेवायचा? समोर पाव निवत चालला होता. पेंटर आता बशीकडे बघत नव्हता, बाहेर पुलाकडे बघत होता. घरी निघायला सांगितलं असतं तर मुकाट उठला असता. ते तिला बघवेना.

टेबलाखाली तिनं हात जोडले. 'माझं काय करायचं ते कर,' ती मनात म्हणाली, 'ह्यांच्यावर काढू नकोस.' आणि तिनं पाव उचलला.

मिठाचा पहिला कण जिभेला लागला तसं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसाय?" पेंटर एकदम वळला.

"चांगलाय."

"अगं, चांगलाय काय! सांग ना नीट."

चवीबद्दल बोलणं हे नेहमी त्याचं काम. ती नुसती मान डोलवायची. ती शब्द शोधू लागली. "कडा कुरकुरीत आहेत. आत... आत कांदा अगदी गोड झालाय. मिरपूड मागाहून लागते. घशाशी."

"लोणी?"

"हनुवटीवर आलंय."

"दिसतंय ते!" तो हसला, आणि हसता हसता त्याच्या गळ्यातला कंठमणी वर गेला, खाली आला. आत काहीच नव्हतं, तरी गेला. तिनं ते पाहिलं आणि तिचा घास तोंडातच थांबला.

"थांबलीस का? खा की. घाई करू नकोस."

ती खात राहिली, सांगत राहिली. तो ऐकत होता, ओठ किंचित उघडे ठेवून. पाव संपत आला, तसे तिनं घास लहान लहान केले.