मागे कुणी नाही

हवालदार जैनुद्दीन यांनी लग्नाचा फोटो गुडघ्यावर धरला आणि नवरीच्या मागे उभ्या असलेल्या फेटेवाल्या माणसावर बोट टेकवले.

“ह्यो कोण, मावशी?”

“मामा न्हवं का,” रंगूबाई म्हणाल्या.

“कुणाचा?”

“माजा भाऊ. आप्पासो.”

“मंजी नवऱ्याचा मामा. आमच्यात मामा लागत न्हाई, पर कडेगावातल्या लग्नांचा बंदोबस्त करून करून मला मंगलाष्टकं पाठ झाल्याती. नवरीमागं नवरीचा मामा उभा ऱ्हातो. त्यो कुठं गेला?”

“तिला कुणी न्हवतंच, सायेब. पोर पोरकी दिसाय नगं म्हणून मीच भावाला उभा केला.”

त्या दिवशी मांडवात साऱ्यांनी रंगूबाईंच्या या मोठेपणाची वाखाणणी केली होती. हवालदारांनी मात्र फोटो शेजारी बसलेल्या दीपमाला या महिला शिपायाकडे दिला. तिने तो निरखून पाहिला. चेहरे पुष्कळ होते. नवरीकडचा एकही नव्हता.

रंगूबाईंचा मुलगा जोतीराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. फौजेतून निवृत्त झालेला, वागायला सरळ माणूस. घरचा ऊस होता, पक्के घर होते. पण वय चाळिशीकडे झुकले तरी आसपासच्या गावांतून त्याला कुणी मुलगी देईना. तेव्हा उंब्रजच्या धोंडुबाईने हे ओरिसाकडचे स्थळ आणले. मुलीला मायबाप नाहीत, एवढेच ती बोलली आणि तेवढेच यांनी विचारले. सून आली. तिचे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून रंगूबाईंनी शालन ठेवले.

तीच धोंडुबाई परवा मुली विकताना पकडली गेली होती. तिच्या मोबाइलमध्ये अनेक मुलींचे फोटो होते. त्यातल्या एका फोटोने पोलिसांना या घरापर्यंत आणले होते.

दीपमालाने शालनला आतल्या खोलीत नेऊन दार लोटून घेतले. ओडिया जाणणारी एक बाई तिने फोनवर घेतली होती. दीपमाला बऱ्याच वेळाने एकटीच बाहेर आली.

“वीस वर्षांची आहे म्हणते. स्वखुशीने आले, मागे कुणी नाही, इथे सुखात आहे, एवढंच म्हणते. दुसरं काही विचारलं की पुन्हा तेच. पाठ केल्यासारखं.”

“मागं ल्येकरूबाळ?” हवालदारांनी जोतीरामला विचारले.

“न्हाई वो, सायेब. पहिलंच लगीन तिचं.”

त्याला जेवढे ठाऊक होते तेवढे तो खरे बोलला. रंगूबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या.

“मंग आमी तरी काय करनार,” हवालदार उठत म्हणाले. “धोंडुबाईवर गुन्हा हायच. पर ही सज्ञान हाय, ऱ्हाते म्हणती, तिला वढून न्हेता याचं न्हाई. ती धोंडुबाई लय पक्की. ज्या पोरीला ल्येकरू आसंल तिचं ल्येकरूच अडकवून ठिवती. मंग पोरगी मेली तरी त्वांड उघडत न्हाई. चला.”

जोतीरामने सुटकेचा श्वास टाकला. हवालदार ओट्यावर बसून बूट चढवू लागले. दीपमालाने पर्स खांद्याला अडकवली.

आता काही झाले नसते. गाडी गेली असती, संध्याकाळी शालनने चूल पेटवली असती, आणि घर होते तसे राहिले असते. रंगूबाईंनी दाराकडे पाहिले. आतून भांड्याचाही आवाज येत नव्हता.

“बाई,” त्या दीपमालाला म्हणाल्या. “तिला इचारा, ल्येकरू कुठं हाय.”

“कुणाचं?”

“तिचं. लग्नाच्या दुसऱ्या दिशी हळद उतरवाय मीच तिला न्हाऊ घाटलं. अंगावर दूध हुतं.”

हवालदारांचा हात बुटाच्या नाडीवर थांबला.

“मंग?”

“परसात मोगरा हाय. फुलं फडक्यात घालून छातीला बांधली. दूध आटस्तवर. तिनं माजं मनगाट धरलं हुतं, पर म्या बांधली. गेलं आसंल ल्येकरू, आसं म्या धरून चालले. इचारलं न्हाई.”

“आये,” जोतीराम म्हणाला.

“मावशी, ह्ये तुमच्या अंगावर यील. जोतीरामच्याबी,” हवालदार हळू आवाजात म्हणाले.

“लिवून घ्या.”

दीपमाला पुन्हा आत गेली. मग शालनचा आवाज आला. रडण्याचा नव्हे, बोलण्याचा. भराभर, न थांबता. हा आवाज इतका वेळ सलग कधी रंगूबाईंच्या कानी पडला नव्हता.

दीपमाला बाहेर आली तेव्हा तिने कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

“मुलगी आहे. रांगत होती तेव्हा हिच्यापासून काढून घेतली. कुठे ठेवलीय ते हिला ठाऊक नाही. धोंडुबाई मधूनमधून फोन करायची आणि मुलीचं रडणं ऐकवायची.”

सुनेची चौकशी करणारे ते फोन. किती जिव्हाळ्याची बाई, असे म्हणत दर वेळी रंगूबाईंनीच मोबाइल सुनेच्या कानाला लावून दिला होता.

“आणि हिचं नाव बिलासिनी आहे,” दीपमाला म्हणाली.

हवालदारांनी फोनवर उंब्रजला निरोप दिला, जोतीरामला आपल्यासोबत यायला सांगितले. तो चपला घालू लागला.

बिलासिनी पिशवी घेऊन बाहेर आली. घराबाहेर पडताना सासूला वाकून नमस्कार करायचा, हे रंगूबाईंनीच तिला हात धरून शिकवले होते. ओट्याशी येऊन तिने पदर सावरला आणि ती वाकली.

रंगूबाईंनी पाय मागे घेतले. तिचे हात तसेच अधांतरी राहिले. मग दीपमालाने तिला गाडीकडे वळवले.

कुंपणापलीकडून बघत असलेली बनाबाई शेजारणीकडे झुकली.

“बघितलंस? जातानाबी हिनं पोरीला पाया पडू दिलं न्हाई.”