गुडघ्याएवढ्या खिडक्या

साखऱ्यात कुणाची भाकर करपली की शेजारीण म्हणायची, "झाली का जळबाची खिडकी?" कारण वस्तीतल्या ग्यानबा मास्तर स्मृती सभागृहाच्या खिडक्या आतून गुडघ्याएवढ्या उंचीवर होत्या आणि त्या बसवल्या होत्या जळबा मिस्त्रीनं, म्हणजे संध्याच्या बाबांनी. बाबाही या थट्टेत हसायचे. संध्याला मात्र लहानपणी ते लागायचं.

बाबा माघात गेले. आता सभागृहाची दुरुस्ती निघाली होती आणि समितीनं त्या खिडक्या विटांनी बुजवायचं ठरवलं होतं. बाबांच्या हातचं गावात एवढंच उरलं होतं. कळलं तशी संध्या हिंगोलीहून निघाली. काय बोलायचं ते तिनं एसटीतच जुळवलं.

"ती चूक नव्हती," ती समितीच्या धम्मानंदला म्हणाली. "बाहेर बसणाऱ्या बायांना आतला कार्यक्रम दिसावा म्हणून बाबांनी मुद्दाम खाली घेतल्या. विचारा आत्याला."

मालनआत्या सभागृहासमोरच्या ओट्यावर टेकली होती. ऐंशीच्या पुढची, पण कान तिखट.

"मुद्दाम कशाचं, संध्ये? चुकलाच व्हता त्यो."

धम्मानंद हसला. "घ्या ताई, घरचाच आहेर!"

"तू दात नको काढू. काहून चुकला, ते ऐक." आत्यानं पदर सावरला. "मास्तर गेले, तवा त्यांच्या नावानं हे बांधायचं ठरलं, अन् जोत्यात भर टाकायला घरटी एक पाटी मुरूम. भिंती उभ्या, चौकटी बसल्या, अन् मग पाट्या सुरू झाल्या. वस्तीच्या पाट्या झाल्या, तर जवळा बाजारला दिलेल्या लेकी आल्या. मास्तरांनी शिकवलेले कुठून कुठून आले. एक म्हातारी नरसीहून डोक्यावर पाटी घेऊन चालत आली. जमीन वर वर येऊन राहिली. मी म्हनलं, जळबा, बास कर, खिडक्या बुडतील. तर म्हने, अक्का, मास्तरांसाठी आणलेली पाटी माघारी कशी धाडू? दाराची चौकट मागून बसवली, म्हनून ती तरी वाचली."

एसटीत जुळवलेलं सगळं संध्याला फार तोकडं वाटलं. बाबा कधी कुणाला नाही म्हणू शकले नाहीत, हे तिला घरात रोज दिसलं होतं. आई त्यावरून किती चिडायची!

धम्मानंद खिडकीपाशी गेला, आत बघत राहिला.

"आमच्या घरची पाटी होती का, आजी?"

"तुझ्या आजीनं दोन आणल्या. घरटी एकच म्हनलं, तर लेकराच्या नावानं दुसरी ओतली. ते लेकरू म्हंजी तुझा बाप."

बाहेरगावचा गवंडी शिवशंकर कालवलेला माल घेऊन खोळंबला होता. "साहेब, माल वाळून राहिला. बुजवू का?"

"नको," धम्मानंद म्हणाला. "राहू दे तशाच."

"मग या विटा?"

"दाराशी पायरी बांध," धम्मानंदच्या आधी आत्याच बोलली. "जोतं लई उंच झालंय रे, चढवत न्हाई."

संध्यानं तिच्या काखेत हात घातला आणि तिला आत नेलं.