फुलांना वारा नको

“फुलं आणू नकोस, मावशी. एकसुद्धा नको,” ऑय फोनवर म्हणाली. आदल्या दिवशी तिची आई, माझी दुकानातली सोबतीण थोंगबाय, गेली होती.

माझ्यासमोर बांबूच्या कड्यावर अर्धं पुष्पचक्र तयार होतं. पांढरी शेवंती, मध्ये जांभळी ऑर्किडं.

“अगं, एकेचाळीस वर्षं आम्ही दोघींनी दुसरं केलं काय?”

“खरंय गं. पण हल्ली कुणी आणत नाही. शेवटी ट्रकभर कचरा होतो, विहारातले भंते वैतागतात. पंखा आण. सगळे पंखेच आणतात, नंतर शाळेला देता येतात. आणि हे आईनंच सांगून ठेवलंय. ‘संगवानला म्हणावं, पंखाच आण.’ असं म्हणाली आणि हसत सुटली.”

हसली? मला काही कळेना. ती थट्टा होती, की टोमणा, की आणखी काही?

फूलबाजारामागच्या आमच्या बोळात वारा कधी शिरलाच नाही. एप्रिलमध्ये पत्रा असा तापे, की बर्फाची लादी डोळ्यांदेखत पाणी होई. पण दुकानात पंखा मी लावू दिला नाही. वाऱ्यानं पाकळीची कड तपकिरी होते, आणि तपकिरी कडेचं चक्र मयतापुढे ठेवायचं म्हणजे मेलेल्याचा अपमान, असं माझी आई म्हणायची. एकदा थोंगबायनं पदरचे पैसे घालून छोटा पंखा आणला. मी तो त्याच संध्याकाळी परत करायला लावला. त्यानंतर ती आइसक्रीमच्या डब्याच्या झाकणानं वारा घेई, ओला टॉवेल मानेवर टाकून.

“मेलेल्यांना ताजी फुलं, आणि मी जिवंतपणी शिजून मरायचं!” ती म्हणे. “वर गेल्यावर विचारीन त्यांना, कड कुणी बघितली का रे?”

मी हसायचे. ती हातातलं काम सोडायची नाही.

पंख्याच्या दुकानातल्या मुलीनं जाळीला काळी-पांढरी फीत गुंडाळली, वर प्लास्टिकचे गुलाब खोचले.

“ते काढ.”

“फुकट आहेत, आजी.”

“म्हणूनच काढ. आणि फितीवर लिही, ‘फुलवाली संगवान’.”

“फुलवाली? आणि पंखा देताय?” तिला हसू आवरेना. मला तरी कुठे समजत होतं?

अर्धं चक्र मी बर्फावर ठेवलं, पंखा कडेवर घेतला आणि नावेनं नदीपलीकडे गेले.

विहाराच्या मंडपात पंख्यांची रांगच होती. मी एकोणीस मोजले. शिवाय तीन ब्लँकेटं आणि फीत बांधलेली एक सायकल. शवपेटीजवळ थोंगबायचा फोटो, भोवती नेच्याच्या कुंड्या. भंतेंचं पठण चाललं होतं आणि लोक हात जोडून घामाघूम बसले होते. एकोणीस पंख्यांतला एकही सुरू नव्हता.

मी फुलं शोधत राहिले. सवयच ती. कड कुठे तपकिरी पडलीय का, फवारा मारायला हवा का. पण मंडपभर एक पाकळी नव्हती. वाऱ्यापासून जपायचं असं तिथे काहीच उरलं नव्हतं.

पठण थांबल्यावर मी उठले. भिंतीत प्लगची जागा सापडली.

“मावशी, अगं तो शाळेला द्यायचाय,” ऑय कुजबुजली. “नवा राहू दे की.”

“एका संध्याकाळीत काय जुना होतोय?”

मी पंख्याचं तोंड थोंगबायकडे फिरवलं आणि बटण दाबलं. फितीचं टोक उडायला लागलं. फोटोसमोरच्या उदबत्तीचा धूर मोडून एका बाजूला पळाला.

“तूही बस ना वाऱ्यात,” ऑय म्हणाली.

“नको.”

मी मागे जाऊन खांबाजवळ बसले. तिथे वारा येत नव्हता. घाम मानेवरून पाठीत उतरला. पुसायला टॉवेल आणलाच नव्हता.