हृदयामागची सावली

सोनगीरच्या ताईबाईला जेवण झालं की धाप लागायची. दोन घास जास्त गेले तर छातीत असं काही दाटायचं, की भिंतीला टेकून ताठ बसून राहावं लागे. मागे कुणीतरी एक्स-रे पाहून "हृदय मोठं दिसतंय" म्हटलं आणि मुलगा ज्ञानेश्वर तिला काचेच्या भांड्यासारखं जपू लागला. शेत बंद, पायऱ्या बंद, लग्नाकार्यात नाचणंसुद्धा बंद! ताईबाई पार वैतागली होती.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी धुळ्याला पुन्हा छातीचा फोटो काढला. तो बघताना डॉक्टर हेमांगी थबकल्या. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, हृदयाच्या मागे, गोल सावली दिसत होती आणि तिच्यात एक सरळ आडवी रेघ. रेघेखाली पाणी, वर हवा. त्यांनी बाजूनं दुसरा फोटो घेतला, मग स्कॅनही करवला.

ज्ञानेश्वरचा चेहरा उतरला. "मॅडम, गाठ तर नाही ना?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"जोरमा बोल! माले बठ्ठं ऐकू येस," ताईबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.

हेमांगी हसल्या. "गाठ नाही, आणि आजी, तुमचं हृदय ठणठणीत आहे. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याची फट रुंदावलीय. तिच्यातून निम्मं जठर वर चढलंय. जेवलं की ते फुगतं आणि श्वासाला जागा उरत नाही."

"ओ माय! पोटले खाले जागा नव्हती का?"

दुर्बिणीनं ऑपरेशन करून जठर खाली ओढता येईल, असं सर्जननं सांगितलं. ज्ञानेश्वर घरच्यांना विचारतो म्हणाला. ताईबाईनं त्याला बोलूच दिलं नाही. "काळीज मजबूत शे, मंग भ्याव कसाना?"

ऑपरेशन सुरळीत पार पडलं. पुढचे काही आठवडे पातळ वरण आणि पेज गिळताना तिनं सगळ्या घराला शिव्या घातल्या. अखेर परवानगी मिळाली, तेव्हा तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकर भरिताबरोबर सावकाश, चावून चावून खाल्ली. मग हात धुऊन वाट बघत बसली. धाप आलीच नाही. अंगणात दोन-चार चकरा मारल्या, तरीही नाही.

मग दुपारी पाय लांब करून ती अशी गाढ झोपली, की ज्ञानेश्वर घाबरला आणि हळूच तिच्या नाकापुढे बोट धरून बसला.

"जित्ती शे," ताईबाई डोळे न उघडता म्हणाली, "जाय, तुनं काम कर."